फायटरचं पाणी

मी भित्री बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. आळेफाट्यावर नाशिककडे वळणाऱ्या गाड्या हॉर्न देतात, तेव्हा इतक्या वर्षांनंतरही मी दचकते आणि हातातली जाळी पाण्यात पडते. घरचे हसतात. पण माशांच्या धंद्यात मला जे काही जमलं, ते या भित्रेपणाच्या जोरावरच जमलं. निर्धास्त माणसाच्या घरी मासा फार दिवस राहत नाही. रोज सकाळी काचेपाशी जाताना ज्याच्या पोटात थोडंसं कालवतं, त्याच्याच घरी तो टिकतो.

माझं दुकान फाट्यावर, गॅरेज आणि मिसळीच्या हॉटेलाच्या मधल्या गाळ्यात आहे. एका बाजूनं ग्रीसचा वास येतो, दुसऱ्या बाजूनं तर्रीचा. पाटीवर मोठ्या अक्षरात मत्स्यालय लिहिलंय, तरी सुरुवातीला लोक आत येऊन विचारायचे, "ताई, बोंबील कसं दिलं?" बघायला म्हणून मासे पाळायचे आणि ते खायचे नाहीत, हे पटवण्यातच पहिली काही वर्षं गेली. आता दुकान सून बघते. मी दुपारी जाऊन बसते, पाण्यात बोटं बुडवते आणि तिच्या चुका काढते.

माझा सगळ्यात खपाचा मासा म्हणजे फायटर. पुस्तकात त्याला बेट्टा म्हणतात, आमच्याकडे फायटरच. बोटाएवढा जीव, पण शेपटी आणि पंख असे की नऊवारीचा पदर सोडल्यासारखे. तांबडा, निळा, मोरपंखी. नर एकटाच ठेवायचा. दोन नर एका भांड्यात आले की एकमेकांच्या चिंध्या करतात. फाट्यावरच्या एका ढाबेवाल्यानं गिऱ्हाइकांची करमणूक म्हणून मुद्दाम दोन एकत्र सोडले होते. मी चहा प्यायला गेले आणि ते पाहिलं. मी काउंटरवरची रिकामी बरणी उचलली आणि एक मासा पाण्यासकट तिच्यात घेऊन निघून आले. तो ढाबेवाला आजवर मला ताई म्हणत नाही, मॅडम म्हणतो.

फायटरचं आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे तो पाण्यातली हवा घेतो आणि वर येऊन तोंडानं बाहेरचीही घेतो. त्यामुळे त्याला पंप लागत नाही, छोट्या भांड्यात चालतो, असा लोकांचा समज होतो. मग कोणी त्याला पाण्याच्या ग्लासात ठेवतं, कोणी लोणच्याच्या बरणीत. एक ट्रकवाला त्याला बाटलीत घालून केबिनमध्ये देवाच्या फोटोशेजारी ठेवायचा. फायटर असा जगतो खरा, पण कुढत जगतो. त्याला निदान बादलीभर पाणी हवं. आपल्याकडच्या थंडीत पाणी गार पडता कामा नये. रोज चिमूटभर खाणं, आणि बदामाचं वाळलेलं एखादं पान पाण्यात. त्या पानानं पाणी चहासारखं पिवळसर होतं आणि मासा खूष राहतो. शाळेच्या आवारातल्या बदामाखाली मी पोतं घेऊन पानं वेचते, तेव्हा शाळेतली पोरं मला वेडी समजतात.

सगळा खेळ पाण्याचा आहे. ग्रामपंचायतीच्या नळाच्या पाण्यात जंतू मारायची पावडर असते, ते पाणी आधी रात्रभर उघडं ठेवायचं. बोअरचं असेल तर तसं करावं लागत नाही. पाणी एकदम सगळं कधी बदलायचं नाही. सकाळी तांब्याभर काढायचं आणि तांब्याभर घालायचं. इतकं सांगूनही आठवड्याला कोणी ना कोणी मेलेला मासा घेऊन येतोच.

मासा मेला की गिऱ्हाईक दोनपैकी एक काहीतरी बोलतं. तरणं असेल तर, "ताई, माल खराब दिला." वयस्क असेल तर, "जाऊ द्या, घरावरचं संकट त्यानं अंगावर घेतलं." हा समज आपल्याकडे घरोघर आहे. मासा गेला म्हणजे घरातल्या कोणाची तरी पीडा टळली. मग लोक रडत नाहीत, भांडत नाहीत, देवाला नारळ फोडतात आणि दुसरा मासा नेतात. दुकानदाराला याहून सोयीचं काय असणार? पण आज तेच वाक्य कानावर पडलं तरी माझ्या अंगावर काटा येतो. का येतो, ते सांगण्यासाठी हे लिहायला बसले आहे.

ओतूरच्या बाजूला बबनभाऊंचा टोमॅटोचा आणि उसाचा मळा आहे. घरात ते, त्यांची बायको मंगल, शाळेत जाणारी दोन मुलं आणि आई, चिमाआजी. आजी एकदा मुलाबरोबर बाजाराला आल्या होत्या. पाय दुखले म्हणून माझ्या दुकानाच्या पायरीवर टेकल्या आणि तिथल्या तांबड्या फायटरकडे बघत राहिल्या.

"ह्याचा पदर लई मोठाय," त्या म्हणाल्या. "सांभाळून चालतंय का पर?"

मी भांड्याला आरसा लावून दाखवला. आरशात स्वतःला बघून फायटरनं कल्ले फुगवले, पंख पसरले आणि तणतणत आरशावर धावून गेला. आजी तोंडाला पदर लावून हसल्या. "आमच्या म्हाताऱ्यावानी करतंय," म्हणाल्या आणि मासा घेऊनच गेल्या.

त्यांच्यासारखं गिऱ्हाईक मला क्वचितच भेटलं. दिवसभर सगळे शेतावर किंवा शाळेत, घरी या एकट्या. माशाशी बोलायच्या. त्याचं नाव त्यांनी सरदार ठेवलं होतं. मी सांगितल्याप्रमाणे सकाळचा चहा झाला की स्वयंपाकघरातल्या नळाचं तांब्याभर पाणी त्याला घालायच्या. पाणी त्यांच्या बोअरचं, पावडरीचा प्रश्नच नव्हता.

काही महिन्यांनी बबनभाऊ पेढे घेऊन आले. सरदार गेला होता.

"आई त्या दिवशी लई आजारी पडली व्हती," ते म्हणाले. "उलट्या, चक्कर, घाम. आमी घाबरलो. दुपारपातूर हा गेला आन् तिनं संध्याकाळी डोळं उघडलं. घेतलं बघा त्यानं अंगावर."

मी पेढा खाल्ला. दुसरा तांबडा फायटर दिला आणि पैसेही थोडे कमी घेतले. मला त्यात वावगं काहीच दिसलं नाही. त्यांनाही दिसलं नाही. मासा गेला आणि माणूस उठलं, याहून स्पष्ट हिशेब कोणाला हवा होता? देवाचे आभार मानून सगळे कामाला लागले.

त्यानंतर हंगाम भरात असताना बबनभाऊ पुन्हा आले. सकाळी उशिरा, घाईत, हातात स्टीलचा डबा. डब्यात दुसरा सरदार होता.

"ताई, ह्यो बी जातोय जणू. असाच एक द्या पटकन. आईला आज परत बरं न्हाई, निजलीय. ती उठायच्या आत नेऊन ठेवतो, न्हाईतर जिवाला लावून घेईल."

मी डब्यात पाहिलं. आजारी फायटर मी हजारदा पाहिलाय. पंख झडलेला, अंगावर पांढरे ठिपके आलेला, पोट फुगलेला. यातलं काहीच नव्हतं. पंख शाबूत, रंग पक्का, आणि मासा मात्र गोल गोल फिरून काठावर आपटत होता. उलटा होत होता, थरथरत होता, पुन्हा आपटत होता. मी डबा नाकाशी नेला. फवारणी चालू असलेल्या शेताच्या कडेनं गाडी जाते तेव्हा येतो तसा, अगदी पुसटसा वास आला. वाटलं, माझ्याच मनाचे खेळ असतील.

"भाऊ, आज औषध मारलं का?"

"सकाळीच मारलं की. टोमॅटोला. का?"

"आणि लाइट?"

"मधीच गेली व्हती. मी ड्रम भराय लावला व्हता तवा. मग आली. मोटारीला ऑटो हाय, आपोआप चालू झाली."

"ड्रममध्ये औषध आधी टाकलं होतं?"

"व्हय. पाइप तळाला सोडतो. वरून सोडला तर लई फेस येतो."

बाहेरच्या वाचकासाठी इथं थोडं थांबते. फवारणीचं औषध पाण्यात मिसळायला मोठा ड्रम असतो. मोटारीच्या पाइपचं तोंड ड्रमच्या तळाशी सोडलं की फेस होत नाही आणि औषध नीट मिसळतं. आमच्याकडे बरेच जण असंच करतात. पण मोटार मध्येच बंद पडली की पाइपातलं पाणी उलटं बोअरकडे जातं आणि जाताना ड्रममधलं पाणीही ओढून घेतं. मत्स्यालयाचं पाणी मी रोज असंच नळीनं ओढून काढते, म्हणून मला ते चटकन दिसलं. त्यात त्यांच्या घरावरची टाकी त्याच पाइपावर होती. लाइट आल्यावर मोटार आपोआप चालू झाली आणि पाइपात जे काही होतं ते घराच्या टाकीत चढलं.

मी विचारलं, "भाऊ, मागच्या वेळी सरदार गेला, तेव्हाही फवारणी होती?"

त्यांनी डोक्याला हात लावला आणि आठवायला लागले. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. आठवलं तसा त्यांचा चेहरा उतरत गेला.

"व्हती," ते म्हणाले. "ताई, आईनं सकाळी चा केला आसंल."

"बाकीचे काय पितात?"

"आमी रानात. तिथं कालचं भरलेलं मडकं ऱ्हातंय. पोरं साळंत बाटल्या नेत्यात, त्या पहाटंच भरून ठिवल्या व्हत्या. घरी आई एकटीच."

आजींच्या साध्या फोनवर त्यांनी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. मंगलचा लागतच नव्हता, त्यांच्या रानात रेंज नाही. मी डॉक्टर नाही. मला खात्री कशाचीच नव्हती, नुसती भीती होती, आणि अशी भीती मला रोजच वाटते. चुकले तर लोक हसतील, हेही मनात आलं. पण मी हॉटेलवाल्याला दुकानाकडे बघायला सांगितलं आणि बबनभाऊंच्या मोटारसायकलवर मागे बसले.

तो रस्ता मला नीट आठवत नाही. दोन्ही बाजूला ऊस होता. एरवी त्या उसातून जाताना मी बिबट्याच्या भीतीनं डोळे मिटून घेते. त्या दिवशी बिबट्याची आठवणही झाली नाही. बबनभाऊ सारखे एकच वाक्य बोलत होते, "मीच भरला ताई ड्रम, मीच भरला." मी त्यांना गप्प बसून गाडी चालवायला सांगितलं. मला आजी दिसत होत्या, ओट्यावर एकट्या पडलेल्या, आणि मघाचा मासा दिसत होता. दोन्ही एकाच वेळी दिसत होतं आणि ते फार वाईट होतं.

घरी पोचलो तर मंगल रानातून आलेली होती. आजी पडवीत गोधडीवर होत्या. तोंडातून लाळ येत होती, अंग घामानं चिंब, मांड्यांना आतून बारीक झटके बसत होते. डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. मंगल त्यांचं डोकं मांडीवर घेऊन फुलपात्रानं काहीतरी पाजत होती.

"उलटी झाली लई," ती म्हणाली. "साखरमिठाचं पानी देतीया. मगापासनं दोन फुलपात्री गेलं पोटात."

"पाणी कुठलं?" मी विचारलं.

"नळाचंच की."

मी ते फुलपात्र तिच्या हातातून हिसकावून घेतलं. पाणी तिच्या लुगड्यावर सांडलं. ती बिचारी माझ्याकडे बघतच राहिली. सासू वाचावी म्हणून जीव तोडून धडपडत होती, आणि तेच पाणी तिला पाजत होती. तिला मी काय सांगणार होते? शेवटी बबनभाऊंनी सांगितलं. मंगल खाली बसली आणि पुन्हा पुन्हा लुगड्याला हात पुसत राहिली.

शेजारच्या मळ्यातली पिकअप आली. आजींना मागे गोधडीवर निजवलं. औषधाची रिकामी बाटली बांधावरून आणायला मी बबनभाऊंना पळवलं, कारण कुठलं विष आहे ते कळल्याशिवाय दवाखान्यात वेळ जाईल, एवढं मला सुचलं. पिकअपमध्ये आजींचा हात माझ्या हातात होता. तो आतून सारखा थरथरत होता. मी देवाला एकच म्हणत होते, मला खोटं ठरव.

डॉक्टरांनी बाटली बघितली, डोळे बघितले आणि लगेच इंजेक्शन चालू केलं. आम्हाला बाहेर बसवलं. दोन दिवस आजी कधी शुद्धीत, कधी नाही. मंगल बाकावरून उठत नव्हती. दवाखान्यात आलेल्या डब्याला कोणी हात लावला नाही, कारण तो कुठल्या पाण्यात रांधलाय याची कोणालाच खात्री नव्हती. शेजारच्या मळ्यातून आलाय असं सांगूनही नाही. तिसऱ्या दिवशी आजींनी डोळे उघडले आणि पहिलं विचारलं, "सरदारला पानी घातलं का?"

मंगल त्यांच्या अंगावरची चादर सारखी करायला लागली. तेव्हाच त्यांना कळलं असावं.

बबनभाऊंनी टाकी धुतली, बोअर कितीतरी वेळ उपसला, पाणी तपासायला दिलं. ड्रमचा पाइप तारेनं वर बांधला आणि त्यात उलटं पाणी न जाऊ देणारा व्हॉल्व्ह बसवला. घराच्या टाकीला वेगळा पाइप केला. पण बातमी पसरली होती आणि ती भलत्याच रूपात पसरली. लोक माझ्याकडे येऊ लागले. "ताई, तो पानी वळखणारा मासा द्या." रोज सकाळी माशाला पाणी घालायचं, मासा जगला तर आपण प्यायचं. फायटर इतके कधी खपले नव्हते आणि इतकी भीती मला कधी वाटली नव्हती. एक तर मी आयुष्यभर मासा जगवायला शिकवलं आणि हे लोक त्याला मरायला नेत होते. दुसरं म्हणजे फायटर दणकट असतो. काविळीचे जंतू असलेल्या ज्या पाण्यानं माणूस महिनाभर खाटेवर पडेल, त्यात तो मजेत पोहेल. मासा जिवंत आहे म्हणून पाणी चांगलं, असं समजून कोणी निर्धास्त होईल, या विचारानं माझी झोप उडाली. दारात उभी राहून मी प्रत्येकाला सांगायचे, पाइप वर बांधा, व्हॉल्व्ह बसवा, मासा काही कळवणार नाही. काही जण ऐकायचे. काही जण शेजारच्या गावातून मासा आणायचे.

मग बबनभाऊ आले. आई घरी आली होती, तिला तांबडा फायटर हवा होता.

"पाणी बघायला?" मी जरा चिडूनच विचारलं.

"मला न्हाई ठावं ताई. मी नको म्हनत व्हतो. तुमीच येऊन समजवा तिला."

मी मासा पिशवीत घेतला आणि स्वतः गेले. आजी पडवीतच होत्या, खूप वाळल्या होत्या. माशाचं भांडं घासून, पाणी भरून समोर ठेवलेलं होतं. नवा मासा एकदम सोडायचा नसतो. पिशवी भांड्यात तरंगत ठेवायची आणि हळूहळू भांड्यातलं पाणी पिशवीत घालायचं. मी पिशवी ठेवली आणि वाटी घ्यायला गेले, तर आजींनी माझा हात धरला.

"थांब बाय. आजचं पानी हाय ते. आजून न्हाई घालायचं. मी आत्ताच प्यालीया. दुपार हू दे."

मला कळेना. मंगल खालमानेनं म्हणाली, "घरी आल्यापासनं रोज आसंच चाललंय. सकाळी नळाचं पहिलं पानी त्या पित्यात. दुपारपातूर काय झालं न्हाई, मंग आमाला घेऊ देत्यात. आता माशालाबी तसंच."

एवढं विष अंगातून गेलेली बाई, आणि हे. मी आजींना रागावले. पाइप बदललाय, पाणी तपासलंय, आता असलं काही करायचं नाही, आणि करायचंच असेल तर... त्यासाठी मासा आहे की, असं तर मी म्हणणार नव्हते.

"त्या मुक्या जिवानं दोनदा प्यालं," आजी म्हणाल्या. "त्याला कुनी इचारलं व्हतं? लोक म्हनत्यात त्यानं आंगावर घेतलं. त्यानं न्हाई घेतलं. मीच माझ्या हातानं वतलं त्याच्या आंगावर." त्यांनी पदरानं डोळे पुसले. "आता आधी मी. नातवंडं बारीक हायती, सून हाय. माझं काय, माझं झालं समदं."

बबनभाऊ दाराशी उभे होते, ते आत निघून गेले. मला रडू येत होतं आणि भीतीही वाटत होती. मला नेहमी सगळ्याचीच भीती वाटते. आजींनाही वाटत होती, पण त्यांनी ती स्वतःपुरती ठेवून बाकीच्यांना वाटू दिली नव्हती.

पाहुणी आली म्हणून सवयीनं मंगलनं तांब्या-फुलपात्र आणून माझ्यापुढं ठेवलं, आणि एकदम तिच्या लक्षात आलं. ती उचलायला वाकली. आजी म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे, ताईस्नी प्यायचं आसंल तर पिऊ दे. मी प्यालीया त्यातलं."

उन्हातून आले होते, घसा सुकला होता. तहान लागली नाही असं म्हणता आलं असतं. आजी माझ्याकडे बघत होत्या आणि मंगलही. मी फुलपात्र भरलं आणि सगळं पाणी पिऊन टाकलं. मग दुपार होईपर्यंत आम्ही दोघी पडवीत समोरासमोर बसून राहिलो. मधे भांड्यात पिशवी तरंगत होती, आणि आजी माशाकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघत होत्या, मी त्यांच्या.